फर्मे उलटे लागले

रविवार, ४ फेब्रुवारी
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

ताई,

वेळ मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या क्षणी मी काय करत होतो ते मला पक्कं आठवतंय. बाइंडिंगच्या दुकानात आम्ही दोघंच होतो, मालक रविवारी येत नाहीत, आणि मी फडक्यातून खळ गाळत होतो. तुझी भिंगरी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून वाचत होती. म्हणजे मला तसं वाटत होतं.

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू आधी ओरडतेस, मग रडतेस, आणि माझं वाक्य अर्ध्यातच राहतं. कागदावर मला कोणी मध्ये तोडत नाही.

आधी माझी चूक सांगतो. बाईंच्या शिकवणी-वर्गातून मिळालेलं तिचं वाचनाचं पुस्तक चार महिन्यांत खिळखिळं झालं होतं. काल मी ते उसवलं आणि परत शिवलं. त्यात तीन फर्मे आहेत. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून केलेली सोळा पानं; तुला मी मागे करून दाखवलं होतं. पानांवर आकडे छापलेले नाहीत. भिंगरी माझ्या शर्टाला लोंबकळत "झालं का, झालं का" करत होती, आणि त्या गडबडीत मी पहिल्या फर्म्यामागे तिसरा लावला आणि दुसरा शेवटी. पहिलं वर्ष सोडलं तर माझ्या हातून जुळणी कधी चुकली नव्हती.

या पुस्तकात डाव्या पानावर चित्र आणि समोर उजव्या पानावर त्या चित्राच्या चार ओळी असतात. त्यामुळे जिथे फर्मा बदलतो तिथे घोटाळा झाला. डावीकडे कोंबडी आली आणि समोर होडीच्या ओळी. भिंगरीने बोट होडीखाली ठेवलं आणि म्हणाली, "कोंबडी म्हणाली, कोण आहे दारात?" चारही ओळी म्हटल्या. कुठेही अडखळली नाही. बोट होडीखालून, नदीखालून, वल्ह्याखालून चाललं होतं आणि तोंडातून कोंबडी. पान उलटलं, पुढे सुरू.

मी हात धुऊन तिच्याजवळ बसलो. कोंबडीच्या चित्रावर हात ठेवला.

"आता वाच."

"हात काढ ना मामा. असं नाही वाचता येत."

"अगं, ओळी तर या बाजूला आहेत."

"पण कोंबडी त्या बाजूला आहे ना!" मी अगदीच ढ असल्यासारखी वैतागली.

"मग बोट कशाला फिरवतेस?"

"बाई म्हणतात बोट फिरवायचं आणि थांबायचं नाही. थांबलं की गोळी मिळत नाही."

"आणि अक्षरं?"

"अक्षरं पहिलीत गेल्यावर."

ताई, तिला एक अक्षर येत नाही. तिच्या नावातलंसुद्धा नाही. चार महिने झाले, रोज दोन तास. ती पुस्तक पाठ म्हणते आणि आपण सगळे टाळ्या वाजवतो. मी रागाच्या भरात लिहायला बसलो, म्हणून हे पत्र मी दुसऱ्यांदा उतरवून काढलं आहे. पहिल्यात खाडाखोड फार होती.

त्यावर कडी म्हणजे दहा मार्चच्या वाचन-प्रदर्शनासाठी त्या वर्गाच्या चाळीस नव्या प्रती शिवायला आमच्याच दुकानात आल्या आहेत. तो गठ्ठा समोर पडलेला असतो आणि मी दात खात बसतो.

तिला वर्गातून काढू का? तू तिची आई आहेस, तूच सांग. पण लवकर सांग.

तुझा,
धाकटा

*

८ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि त्यानंतर दुपारभर डाव्या बाह्या उजवीकडे शिवल्या. सुपरवायझर सगळ्या लाइनसमोर बोलली. ते एक तुझ्या नावावर.

पुस्तक बिघडवलंस तू आणि खापर पोरीवर? पावणेपाच वर्षांचं लेकरू ते. समोर कोंबडी दिसली म्हणून कोंबडी म्हणाली. तू उलटंसुलटं शिवशील आणि तिने बरोबर वाचायचं, वा रे वा!

दर शुक्रवारी ती मला फोनवर अख्खं पुस्तक वाचून दाखवते. होस्टेलच्या सात-आठ जणी भोवती बसतात. परवा एक म्हणाली, माझा मुलगा सात वर्षांचा झाला तरी दोन ओळी वाचताना त्याला घाम फुटतो. त्या दिवशी मला जेवावंसं वाटलं नाही, इतकं पोट भरलं होतं. बारा-बारा तास मान मोडून मला इथे मिळतं काय? तो शुक्रवारचा अर्धा तास. तो तुला काढून घ्यायचाय.

आणि शिकवण्याचं मला सांगू नकोस. आई गेल्यावर तुझा अभ्यास कोणी घेतला? दमून यायचे आणि तुझा धडा तीनदा वाचून दाखवायचे. चौथ्यांदा तू घडाघडा वाचायचास, असंच बोट फिरवून. मला वाटायचं हा पोरगा मोठा साहेब होणार. आणि तू काय दिवे लावलेस? सातवीत कोणाच्या तरी थोबाडीत मारलीस आणि शाळा सोडून बसलास. मी मास्तरांच्या पाया पडायला निघाले होते, तूच दारात आडवा झालास. आता माझी मुलगी तुझ्या पुढे जायला निघाली तर तुझ्या पोटात दुखतंय. राग येऊ दे. मला जे वाटलं ते लिहिलं.

पुस्तक नीट शिवून दे. वर्ग बंद करायचा नाही. दहा मार्चला ती स्टेजवर सगळ्यात आधी वाचणार आहे, बाईंनी तसं कबूल केलंय. मी रजा टाकली आहे. तोवर तिच्या डोक्यात काहीबाही भरवू नकोस.

ताई

*

सोमवार, १२ फेब्रुवारी
दुपारी एक वाजून पाच मिनिटे, डबा खाल्ला नाही

ताई,

मी कोणाच्याही थोबाडीत मारली नव्हती.

मला वाचता येत नव्हतं. सातवीपर्यंत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, मालक सोडून, आणि त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांना ते कळलं.

तू तीनदा वाचायचीस आणि मी ऐकून पाठ करायचो. पानाचा कोपरा फाटलेला असला, शाईचा डाग असला की कुठला धडा ते कळायचं. बोट कुठे न्यायचं ते तुझ्या बोटावरून शिकलो. तू "शाब्बास" म्हणायचीस आणि तुझा चेहरा असा व्हायचा, की मला येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? शाळेतही तेच. साठ पोरांत माझी पाळी येईपर्यंत पुढच्या दोघांचं ऐकलेलं असायचं.

सातवीत मास्तरांनी एक दिवस मला प्रार्थनेनंतर पुढे बोलावलं आणि सहामाहीची सूचना हातात दिली. "तुझा आवाज खणखणीत आहे, वाच." अर्धं पान होतं. कधी ऐकलेलं नव्हतं. मी उभा राहिलो. मास्तर म्हणाले, वाच की. मी बोट ठेवलं. मग शेवटच्या रांगेतून कोणीतरी हसलं आणि ते हसू पुढे पुढे सरकत आलं. मास्तरांनी कागद काढून घेतला, सूचना दुसऱ्याने वाचली, आणि मला ती संपेपर्यंत तिथेच उभं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. मारामारी केली म्हटल्यावर तू चिडलीस, पण रडली नाहीस. म्हणून ते सांगितलं.

इथे कामाला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी मी एका कायद्याच्या पुस्तकाला पाककृतींचा पुठ्ठा चिकटवला. बारा प्रतींना. मालकांनी एक उघडली, बंद केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वकिलांना स्वयंपाक शिकवतोस काय रे?" ओरडले नाहीत. त्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी वाया गेलेल्या कागदातून एक अक्षर कापून द्यायचे. ते अक्षर दिवसभर खिशात ठेवायचं आणि दुकानात त्याने सुरू होणाऱ्या वस्तू शोधायच्या. सुई, सुतळी, साबण. आधी आवाज कानात बसला, मग आकार डोळ्यात. दीड वर्ष लागलं. चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा एक ओळ वाचली जी मला आधी कोणी वाचून दाखवली नव्हती. ती खळीच्या पिशवीवरची सूचना होती. मी ती पिशवी अजून ठेवली आहे.

ताई, मी तुझ्यावर रागावलो आहे. इतकी वर्षं मला ते माहीत नव्हतं, तुझं पत्र वाचताना कळलं. तू माझ्यासाठी जीव टाकलास, हे खरं. पण तीन वर्षांत एकदाही तू मला आधी न ऐकवलेलं, नवं पान दिलं नाहीस. एकदा जरी दिलं असतंस तरी तुला कळलं असतं. तुला कळायला नको होतं का?

आता तेच भिंगरीचं चाललंय, आणि त्यासाठी आपण फी भरतो. पुस्तक मी नीट शिवून दिलं आहे, तू सांगितलंस तसं. वर्गालाही पाठवतो आहे. पण चहाच्या वेळी मी तिला अक्षरं देतो आहे, तुझ्या परवानगीशिवाय. परवा तिला 'म' दिला. मामा, मालक, मशिन, आणि "माझा मार" असं ती म्हणाली. कोण मारतं असं विचारलं तर म्हणाली, "कोणी नाही, मी मारते."

धाकटा

*

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तीन दिवस लिहायला बसते आणि उठते. तुझं पत्र पाठ झालंय. बघ, हेही पाठच.

कळायला हवं होतं. मला कळत नव्हतं असं नाही, मला बघायचं नव्हतं. तुझ्या वेळचं नाही सांगता येणार, तेव्हा मी स्वतःच वीस वर्षांची होते आणि उभ्या उभ्या झोपायचे. पण भिंगरीचं सांगते. जानेवारीत एकदा फोन मध्येच तुटला. परत लागला तेव्हा म्हटलं, जिथे थांबलीस तिथून वाच. तिला तिथून वाचता येईना. पानाच्या सुरुवातीपासून म्हणाली तेव्हाच आलं. मी फोन ठेवला आणि बायकांना म्हटलं, रेंज नाही.

आणखी एक. पूर्ण वर्षाची फी सहा हजार आहे. बाई म्हणाल्या, मुलगी प्रदर्शनात पहिली उभी राहणार असेल तर निम्मी माफ. मी तीन हजार भरले आणि अटींच्या कागदावर आगाऊच सही केली, त्यात हेही होतं: माझी मुलगी चार महिन्यांत वाचायला लागली. तो कागद त्या सगळ्या पालकांना दाखवतात. माझी सही दाखवून दुसऱ्यांच्या पोरांना गंडवतात! काल हे मला शिवताना सुचलं आणि सुई बोटात गेली. इतकी तळपायाची आग मस्तकात गेली की दुखलंसुद्धा नाही.

ऐक. प्रदर्शनात बाई कोणाही बापाला स्टेजवर बोलावतात. मुलाच्या शेजारी उभं राहा आणि पुस्तकात बघा, तोच तर त्यांचा थाट. त्या चाळीस प्रती तुझ्याकडेच आहेत ना? शिव त्या उलट्या. सगळ्या. दुसऱ्याच्या जागी तिसरा. पोरं कोंबडी म्हणतील आणि बापाला होडी दिसेल. सगळ्या गावासमोर त्या बाईचं नाक कापलं जाऊ दे. मला पहिल्या रांगेत बसून तिचा चेहरा बघायचाय.

करशील ना? एकदा तरी माझं ऐक आणि भांडून मोकळा हो.

ताई

*

बुधवार, २८ फेब्रुवारी
संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे, बोटांना खळ आहे

ताई,

शिवल्या होत्या. चाळीसच्या चाळीस.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केल्या आणि तीन दिवसांत संपवल्या. इतकं मन लावून मी कधी काम केलेलं नाही. प्रत्येक टाक्याला मला मास्तर दिसत होते. मालकांनी एक प्रत हातात घेऊन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या हातून असं चुकत नाही." मी म्हटलं, चुकलेलं नाही. ते म्हणाले, "मग मी बघितलेलं नाही. पण गठ्ठा जाईल तेव्हा मला पुन्हा विचार."

शुक्रवारी भिंगरी गठ्ठ्यावर उभी राहून प्रदर्शन-प्रदर्शन खेळत होती. मला म्हणाली, मामा, तू बाबा हो आणि बघ. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तिने नव्या प्रतींतली एक उघडली. कोंबडीचं पान आलं, बोट होडीखाली गेलं, आणि तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. शाब्बास म्हणतो की नाही ते.

तिथेच मी ते पुस्तक मिटलं. ताई, त्या दिवशी शाळेत मास्तरांना कोणी हसलं नव्हतं. दोष असेल तर त्यांचा होता, सहा वर्षं त्यांनी मला वरच्या वर्गात ढकललं होतं. पण हसले ते मला. बाईंना कोण हसणार आहे? बाई म्हणतील, बाइंडरने घोटाळा केला. आणि चाळीस पोरं उभी राहतील, एखाद्याचा बाप तिथल्या तिथे कानाखाली वाजवेल.

मी एक सोडून सगळ्या उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. तुला हे लिहिणं सोपं नाही. तू मला घाबरट म्हणशील, ते मी आधीच स्वतःला म्हणून झालो आहे.

उलटी शिवलेली ती एक प्रत घेऊन काल बाईंकडे गेलो. वर्ग सुटला होता. छोट्या छोट्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या, बाई गोळ्यांची बरणी पुसत होत्या. मी म्हटलं, "या पुस्तकातून कोणत्याही मुलाकडून वाचून घ्या. तुमच्यासमोर आणि माझ्यासमोर. तिसरं कोणी नको."

त्यांनी पानं चाळली आणि बरोबर कोंबडीपाशी थांबल्या. एका क्षणात ओळखलं. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "अशा किती प्रती आहेत?"

"एकच."

"मग हीपण नीट करून द्या."

"बाई, हे वाचणं आहे का?"

"तुमचं शिक्षण किती?"

"सातवी. तीही पुरी नाही."

"मग मला शिकवायला येऊ नका." नंतर खुर्ची खाली घेऊन बसल्या. आवाज चढवला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "बसा. बावीस वर्षं शिकवतेय मी. मूल कसं वाचायला लागतं ते मला ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला? आधी भरपूर गोष्टी ऐकाव्या लागतात, गप्पा माराव्या लागतात, आवाज वेगळे ओळखावे लागतात, रेघोट्या माराव्या लागतात. दोन वर्षं जातात, कधी तीन. हे मी पालकांना सांगून बघितलंय. ते म्हणतात, बरं, येतो, आणि समोरच्या वर्गात जातात. समोरचे तीन महिने सांगतात. मी चार सांगते. त्यातल्या त्यात मीच खरी."

"म्हणजे ठाऊक असून करता."

"तुमच्या बहिणीने पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, सांगू? 'फोनवर ऐकवता येईल असं काही लवकर येईल का?' मी तेच दिलं."

हे तू मला सांगितलं नव्हतंस.

बाईंना द्यायचं उत्तर सुचलं घरी आल्यावर, म्हणून इथे लिहितो: बहिणीला कळत नव्हतं, बाईंना कळत होतं. दोघींवरही रागावलो आहे, पण सारखा नाही.

मी एवढंच म्हटलं की भिंगरी उद्यापासून येणार नाही आणि भरलेले तीन हजार परत द्या. बाई हसल्या. प्रदर्शनात उभी राहणार नसेल तर सवलत रद्द, म्हणजे उरलेले तीन हजार तुम्हीच द्यायचे, कागदावर सही आहे. मी तो कागद मागितला. म्हणाल्या, तो भिंतीवर लावलाय, वाचता येत असेल तर वाचा.

मी वाचला. मोठ्याने. शेवटपर्यंत. आणि म्हटलं, यातलं एक वाक्य खोटं आहे, ते तुम्हीही वाचा.

धाकटा

*

५ मार्च

धाकट्या,

घाबरट म्हणणार होते. लिहिलंही होतं, तो कागद फाडला.

मास्तरांना कोणी हसलं नाही, हे तुझं वाक्य मला सोडत नाही. कापडावर कात्री चालवतानाही तेच. आणि बाई म्हणाल्या ते खरं आहे. मी तसंच विचारलं होतं. मला मुलगी वाचणारी हवी होती की ऐकवण्यासारखी हवी होती, हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. आता स्वतःचंच फोडावंसं वाटतं.

रजा मी परत घेतली. नामंजूर झाली नाही, मीच घेतली. तिथे येऊन भिंगरीच्या जागी दुसऱ्या कोणाची मुलगी बघायची माझी छाती नाही. आणि बाई दिसल्या असत्या तर मी त्यांची बरणी फोडली असती, मग पुन्हा पोरीलाच ते बघावं लागलं असतं.

गेल्या शुक्रवारी फोनवर ती म्हणाली, "आई, कोंबडी वाचू?" मी म्हटलं, नको. ती गप्प झाली. मीही गप्प. अर्धा तास असा गेला की काय सांगू. होस्टेलच्या बायका उठून गेल्या.

मला रागवायला येतं, कौतुक करायला येतं. यातलं काहीच करायचं नसेल तर मी तिच्याशी फोनवर करू काय? तू सांग. तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहेस आणि मी तुला विचारतेय, याचाही मला राग येतोय, तरी सांग.

ताई

*

रविवार, १७ मार्च
सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. भिंगरी माझ्याशी बोलत नाही

ताई,

दहा तारखेला काय झालं ते आधी.

प्रदर्शन आहे हे तिला शेजारच्या मुलीकडून कळलं. मी कामाला लागलो तोवर तिने स्वतःच फ्रॉक चढवला, मागची बटणं उघडीच, आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, आपण जाणार नाही. ती म्हणाली, पहिली मी आहे. मी म्हटलं, आता नाहीस. मग ती जे रडली, ताई, ते मी तुला फोनवर ऐकवलं नाही. रडून झाल्यावर मला म्हणाली, "मला वाचता येत होतं. तू माझं वाचणं मोडलंस."

तिच्या बाजूने बघितलं तर तसंच झालं आहे. बाईंनी तिला फसवलं हे तिला माहीत नाही, तिला एवढंच माहीत आहे की आधी सगळे टाळ्या वाजवायचे आणि मामाने पुस्तकाला हात लावल्यापासून कोणी वाजवत नाही. त्या दिवशी मला बाईंचा राग आला, तुझा आला, पण सर्वांत जास्त माझा आला. आधीच सांगायला हवं होतं, तिला कळेल अशा भाषेत. मी फक्त काढून घेतलं.

चार दिवस तिने चहाच्या वेळी अक्षर घेतलं नाही. मी दिलेला 'ट' तिने खळीच्या बादलीत टाकला.

गुरुवारी दुपारी ती कागदाच्या गठ्ठ्यामागून आली. हातात एक चिठोरं आणि खडू. माझ्याकडे न बघता, मालकांना विचारल्यासारखं: "वाईटमध्ये पहिलं काय असतं?"

मालक म्हणाले, "मला काय विचारतेस, म्हणून बघ. कसा आवाज येतो?"

"वा... वा... व?"

"व."

"मग?"

असं करत तिने बरोबर पस्तीस मिनिटं घेतली. 'व' तिला येत नव्हता, तो मालकांनी हवेत बोटाने काढून दाखवला. 'ट'साठी ती स्वतः जाऊन बादलीत हात घालून आली. मग चिठोऱ्याला खळ लावली आणि माझ्या कटिंग मशिनवर, अगदी डोळ्यांसमोर येईल असं, चिकटवलं.

मालक चष्मा लावून वाकले. "काय लिहिलंय हे? मला लहान अक्षर दिसत नाही."

तिने बोट ठेवलं. बोट पुढे सरकेना. "मा." थांबली. "मा." मग पुन्हा थांबली, ओठ हलवून बघितले. "वा... ई... ट." आणि मग एकदम, सगळं गोळा करून, माझ्या तोंडावर: "मामा वाईट!"

मालक म्हणाले, "वाचलंस अगदी बरोबर."

तिला हे कोणी आधी म्हणून दाखवलं नव्हतं, ताई. समोर चित्रही नव्हतं. माझं तोंड होतं, ते धरलं तर गोष्ट वेगळी. मी मागे वळून पुठ्ठे मोजत राहिलो. चिठोरं अजून तिथेच आहे. काढायचं नाही असं मालकांनी सगळ्यांना बजावलं आहे. सगळे म्हणजे मी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शुक्रवारी तिला वाच म्हणू नकोस. तिला विचार, आज दुकानात 'स'ने काय काय सापडलं. तू तुझ्या कारखान्यातलं सांग, तुझ्याकडेही सुई आहे. एक गोष्ट सांग आणि मध्येच थांब, पुढे काय झालं असेल ते तिला बोलू दे, तासभर बोलेल. ती सांगते ते मी लिहून घेईन, शिवून देईन, आणि तिचेच शब्द म्हणून ती शोधत बसेल. आणि ती अडली तर लगेच सांगू नकोस. थांब. फोनवर शांतता झाली तर होऊ दे. तुला ते जमणार नाही, तरी प्रयत्न कर.

टाळ्या वाजवायच्या असतील तर बायकांना सांग, अडल्यावर वाजवा.

फेब्रुवारीचा हिशेब पाठवतो.

तू पाठवलेले: २,०००
घरखर्चात तुमच्या वाट्याचे: १,४५०
भिंगरीचे बूट: २८०
पाटी, खडू: ९०
शिल्लक: १८०
चाळीस प्रती दुसऱ्यांदा शिवल्या, दोरा आणि खळ: १४०, माझ्या पगारातून, तुझ्याकडे मागत नाही
वर्गाला दिलेले: ३,०००
वर्गाकडून परत आलेले: काही नाही
बाईंच्या म्हणण्याप्रमाणे आपण देणे: ३,०००
माझ्या म्हणण्याप्रमाणे बाईंकडून येणे: ३,०००. आज दहा वाजता मागायला गेलो होतो, पुढच्या रविवारीही जाणार आहे.